भरतीला कोष्टक वाचता येत नाही

आमच्या खाडीवर भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण होडी घालायला एवढा हिशेब पुरतो. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही येतं. मलाही येतं. आणि तरीही गेल्या वैशाखी पौर्णिमेला मी, माझे चुलते आबा आणि बारावीच्या निकालाची वाट बघणारा माझा भाचा असे तिघं दुपारी चारपासून सातपर्यंत चिखलात रुतलेल्या होडीत बसून होतो.

चूक माझी. पलीकडच्या काठावर मित्राकडे गेलो होतो, दोनला परत निघायचं ठरलं होतं. त्याने कापा फणस फोडला. गरे संपेपर्यंत साडेतीन वाजले. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि उतरताना कुणासाठी थांबत नाही. खाडीच्या मध्यावर होडीचा तळ खरवडला, थोडा आवाज झाला आणि आम्ही बसलो.

आबा माझ्यावर उखडले. "पंधराची पाऊणपट येता मा तुका? मगे?"

भाचा माझ्या मदतीला आला. तो हल्ली मोबाइलवर मेंदू, विश्व असले व्हिडिओ बघत असतो. म्हणाला, "आबा, मामावर कशाला ओरडता? मेंदू म्हणजे रसायनं. रसायनं नियमाने चालतात. मामा उशीर करणार हे आधीच ठरलेलं होतं."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. "बरां. मगे मी ओरडतलंय तां पण ठरलेलांच आसा. गप ऱ्हव."

घरी आल्यावर वाचताना कळलं की आबांचा हा विनोद सुमारे तेवीसशे वर्षांचा आहे. ग्रीसमधल्या झीनो नावाच्या तत्त्वज्ञाची अशी गोष्ट सांगतात: चोरी करताना सापडलेला गुलाम म्हणाला, माझ्या नशिबात चोरी करणं लिहिलं होतं. झीनो म्हणाला, आणि मार खाणंही.

विनोदावर विषय मिटला असता, पण पाणी यायला तीन तास होते. त्या तीन तासांत जे बोललो आणि नंतर जे वाचलं, ते इथे मांडतो.

भाच्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. प्रत्येक घटनेला आधीचं कारण असतं, त्या कारणाला त्याआधीचं. मी थांबलो कारण फणस फोडला गेला, मला गरे आवडतात, आणि नको म्हणायची भीड वाटते. गरे का आवडतात? लहानपणी आजोळी फणसाखालीच वाढलो म्हणून. आजोळ मी निवडलं नव्हतं. असं मागे मागे गेलं की साखळी माझ्या जन्माच्या पलीकडे निघून जाते. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याने १८१४ मध्ये हे टोकाला नेऊन मांडलं. विश्वातल्या प्रत्येक कणाची आत्ताची स्थिती आणि त्यावर काम करणारी सगळी बळं ठाऊक असलेली एखादी अफाट बुद्धी असेल, तर तिला भविष्य भूतकाळाइतकंच स्वच्छ दिसेल. या विचाराला मराठीत नियतत्ववाद म्हणतात. त्याच्यासमोर उभं राहतं इच्छास्वातंत्र्य: मी ठरवतो, मी करतो, आणि म्हणून जबाबदारीही माझी.

लाप्लासची ती बुद्धी निदान समुद्रापुरती माणसाने पितळेत घडवली. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८७२-७३ च्या सुमाराला भरती-ओहोटी काढून देणारं यंत्र बनवलं. १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून तसंच मोठं यंत्र तयार झालं. आत कप्प्यांची रांग. चंद्राची मुख्य ओढ १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते, तिची एक कप्पी. सूर्याची बरोबर १२ तासांनी, तिची दुसरी. अशा बारीकसारीक ओढींच्या आणखी कितीतरी. सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी, आणि दोरीच्या टोकाला पेन. दांडा फिरवला की कागदावर पुढच्या वर्षाचा समुद्र उमटायचा. चंद्र-सूर्याच्या कप्प्या एका दमात वर गेल्या की उधाण, एकमेकींच्या उलट गेल्या की भांग. आपली पाऊणपट म्हणजे याच यंत्राची गरिबाघरची आवृत्ती. त्यात चंद्राची तेवढी एक कप्पी आहे.

प्रश्न असा की माणूसही आतून असाच कप्प्या-दोरीचा आहे का? आणि असला, तर "मी ठरवलं" या वाक्याला काही अर्थ उरतो का?

इथे लोक हमखास दोन पळवाटा काढतात. दोन्ही मला पटत नाहीत.

पहिली: माणसाचं भाकीत करता येत नाही, म्हणून तो स्वतंत्र. पण भाकीत न येणं आणि ठरलेलं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हा अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ हवामानाचं गणित संगणकावर चालवत होता. एक आकडा त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ असा भरला आणि काही वेळाने पुढचं सगळं हवामान वेगळंच निघालं. गणितात कुठेही मर्जी नव्हती. सूत्रं पक्की होती, तरी एवढ्याशा फरकाने अंदाज कोसळला. मे अखेरचं आमचं आभाळ तसंच असतं. त्याचा नेम नसतो, म्हणून काही आभाळाला इच्छा असते असं आपण म्हणत नाही.

दुसरी पळवाट अणूंच्या दुनियेतून येते. १९२० च्या दशकात पुंजभौतिकीने दाखवलं की अगदी सूक्ष्म पातळीवर निसर्ग फक्त शक्यता देतो, नक्की उत्तर देत नाही. मग लोक खूश होतात की मिळालं स्वातंत्र्य. इथे मला कौल आठवतो. कोकणात ज्यांनी कौल लावताना बघितलाय त्यांना सांगायला नको. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर नसते, देवीच्या कौलावर ठरते. आचऱ्याच्या गावपळणीत अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातं, तेही रामेश्वराच्या कौलावर. आता बघा, कौलाला मान का आहे? त्यात माझं काही चालत नाही म्हणून. समजा माझ्या डोक्यातही असाच प्रकार आहे. मी विचार करतोय, पण शेवटी कुठल्यातरी अणूची पाकळी उजवीकडे पडली आणि मी "हो" म्हणालो. तो निर्णय माझा कसा? तो पाकळीचा. योगायोगाने मला नियमाच्या हातातून सोडवलं खरं, पण माझ्या हाती काहीच दिलं नाही.

(डावा कौल आला की प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. माणसाचा स्वभाव कळायला ही एक पद्धत पुरे.)

म्हणजे कारणं तोडून स्वातंत्र्य मिळत नाही. मग दुसरा रस्ता उरतो: कारणं असूनही स्वातंत्र्य असू शकतं का? दोघं एका घरात नांदू शकतात का? नांदू शकतात असं म्हणणाऱ्यांना इंग्रजी परिभाषेत कॉम्पॅटिबिलिस्ट म्हणतात. ही काही चार-दोन हटवाद्यांची टोळी नाही. २०२० मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सुमारे ५९ टक्क्यांचा कल या बाजूला होता. कारणांच्या साखळीत न बसणारं स्वातंत्र्य मानणारे सुमारे १९ टक्के, स्वातंत्र्य नाहीच म्हणणारे सुमारे ११ टक्के. मीही त्या ५९ मधलाच, थोड्या कुरकुरीसह. कुरकुर पुढे सांगतो.

त्याआधी एक गोंधळ काढून टाकायला हवा, कारण मराठीत तो फार आहे. आपण "नशीब" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. नियतत्ववाद म्हणतो: जे होतं ते कारणांमुळे होतं, आणि तुमचं करणं हेही त्यातलं एक कारण आहे. दैववाद म्हणतो: तुम्ही काहीही करा, व्हायचं तेच होणार. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" हा दैववाद. ग्रीकांनी याला आळशी युक्तिवाद असं नावच ठेवलं होतं. आजार बरा व्हायचा असेल तर वैद्याशिवाय होईल, व्हायचा नसेल तर वैद्य असूनही होणार नाही, मग वैद्य कशाला? ख्रिसिप्पस नावाच्या तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याचं उत्तर दिलं: बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याच जोडीने ठरलेलं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. अंदाज आधी आला होता. लोकांनी होड्या वर ओढल्या, दोर आवळले, किनाऱ्यालगतची माणसं हलवली. माड-पोफळीच्या बागा मात्र झोपल्या, कारण बाग उचलून नेता येत नाही. "वाचायची असेल तर वाचेल" असं म्हणून होडी पाण्यात ठेवली असती, तर ती फुटली असती. वाचली ती दोर ओढल्यामुळे वाचली. दोर ओढणारा हात कारणांच्या साखळीत असेल, असू दे. पण तो त्या साखळीतली खरी कडी आहे, वरून चिकटवलेली शोभेची नाही.

थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये जे लिहिलं ते वाचताना मला आमच्या घरामागचा वहाळ दिसला. त्याचं म्हणणं, पाणी उतारावरून वाहतं तेव्हा त्याला वाहावंच लागतं आणि ते मोकळंही असतं. मोकळं म्हणजे बांध नसलेलं. शंभर वर्षांनी, १७४८ मध्ये, डेव्हिड ह्यूमने तेच माणसाच्या भाषेत सांगितलं: स्वातंत्र्याच्या विरुद्ध टोकाला जबरदस्ती असते, कारण नव्हे. ज्याच्या पायात बेडी नाही तो आपल्या इच्छेप्रमाणे चालू किंवा थांबू शकतो, आणि एवढंच स्वातंत्र्य आपल्याला रोजच्या व्यवहारात हवं असतं.

ख्रिसिप्पसने याच्याही पुढची गोष्ट सांगून ठेवली होती. तो लाटण्यासारख्या गोल दांड्याचं उदाहरण द्यायचा, मी कोकणातलं देतो. घाटीच्या माथ्यावर एक नारळ आणि एक जांभ्याचा चिरा ठेवा. दोघांना सारखाच धक्का द्या. नारळ गडगडत खाली जाईल, चिरा जरा सरकून बसेल. धक्का बाहेरून आला हे खरं, पण गडगडणं नारळाच्या आकारातून आलं. माणसाचंही तसंच. फणस माझ्यासमोर फोडला तसाच भाच्यासमोरही फोडला होता. तो चार गरे खाऊन उठला आणि होडीपाशी जाऊन बसला. बसून राहिलो तो मी. धक्का एकच, आकार दोन.

पण नारळाला कुणी स्वतंत्र म्हणत नाही, वहाळालाही नाही. म्हणजे हॉब्ज-ह्यूमची व्याख्या तोकडी पडते. व्यसनी माणूस घ्या. त्याच्या हातात बेडी नाही, तो इच्छा होते तसंच वागतो, तरी आपण त्याला मोकळा म्हणायला बिचकतो.

आबा तंबाखू खातात. सोडायची म्हणतात त्याला वीस वर्षं झाली. त्या दिवशीही रुतलेल्या होडीत त्यांनी पुडी काढली, डाव्या तळहातावर मळली, अंगठा मध्येच थांबवला, हाताकडे जरा वेळ बघितलं आणि मग चिमूट ओठाखाली सारली. म्हणाले, "मन म्हणता नको, हात आयकना नाय."

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये एका निबंधात हेच सांगितलंय, अर्थात बरंच लांबण लावून. माणसाला नुसत्या इच्छा नसतात, इच्छांबद्दलही इच्छा असतात. तंबाखू खावीशी वाटते, ही पहिली इच्छा. ही इच्छा माझ्यावर चालू नये असं वाटतं, ही तिच्यावरची दुसरी. मांजराला मासा हवा असतो, पण मासा हवासा वाटू नये असं मांजराला कधी वाटत नसावं. ज्या इच्छेने आपण प्रत्यक्ष वागतो, ती वागवायला आपल्यालाही हवी असेल, तेव्हा आपण मोकळे. तंबाखू मळताना आबा मोकळे नसतात. माझ्यावर ओरडताना मात्र पूर्ण मोकळे होते, त्यात त्यांची वरची आणि खालची इच्छा एकमताने काम करत होती.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा याच्याही पुढे आहे. तो मला पुस्तकाआधी त्या चिखलात सापडला. केल्विनच्या यंत्राने पुढच्या वर्षीची भरती कागदावर काढून दिली. तो कागद समुद्रासमोर धरला तर काय होईल? काही नाही. भरतीला कोष्टक वाचता येत नाही. माणसाला वाचता येतं. "तू चार वाजता रुतणार आहेस" असं मला कुणी दोन वाजता छातीठोकपणे सांगितलं असतं, तर मी गरे तिथेच टाकून उठलो असतो. भरतीबद्दलचं भाकीत भरतीत मिसळत नाही. माझ्याबद्दलचं भाकीत माझ्या कानावर पडलं की ते स्वतःच एक कारण होऊन साखळीत शिरतं, आणि पुढचं बदलतं. यासाठी साखळी तुटायची गरज नाही. साखळी माझ्या समजुतीतून जाते, एवढं पुरे. चिऱ्याला समजावता येत नाही. होडीला "जरा दम धर, पाणी उतरतंय" सांगता येत नाही. मला सांगता येतं, आणि सांगितलेलं पटलं तर माझं वागणं बदलतं. हा फरक खरा आहे, आणि नियमांच्या विश्वातही तो शाबूत राहतो.

आता विरोधकांकडे. त्यांचा जोरकस घाव पीटर व्हॅन इनवॅगनने १९८३ मध्ये घातला. भूतकाळ माझ्या हातात नाही. निसर्गाचे नियम माझ्या हातात नाहीत. माझं आजचं वागणं या दोहोंतून अपरिहार्यपणे निघत असेल, तर तेही माझ्या हातात नाही. मी वेगळं वागूच शकलो नसतो, मग दोष कसला?

यावर एक उत्तर असं की दोष द्यायला "वेगळं वागू शकणं" लागतंच असं नाही. जॉन लॉकने सतराव्या शतकात एक गोष्ट रचली होती. तिला कोकणी कपडे घालतो. तुम्ही खाडीपलीकडे बहिणीकडे गेलात. गप्पा रंगल्या, तुम्ही मनाशी ठरवलं, आज राहू या, शेवटची फेरीबोट सोडून देऊ. राहिलात. तुम्हाला ठाऊक नव्हतं की इंजिन बिघडल्यामुळे फेरीबोट दुपारपासूनच बंद आहे. म्हणजे तुम्हाला परत जाताच आलं नसतं. तरी राहणं तुमच्या मर्जीचं होतं की नव्हतं? होतंच. दुसरा रस्ता बंद होता, पण तुम्ही राहिलात ते रस्ता बंद म्हणून नाही, बहिणीसाठी राहिलात. फ्रँकफर्टने १९६९ मध्ये हीच कल्पना धारदार केली, आणि तेव्हापासून तिच्यावर कीस काढणं थांबलेलं नाही.

लिबेटचा प्रयोग भाच्याच्या व्हिडिओत होता म्हणून दोन शब्द. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट या मेंदूच्या अभ्यासकाने लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत चढ दिसायचा, आणि "आता हलवू" असं वाटल्याचं लोक सांगायचे ते सुमारे २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदू आधी आणि मी नंतर, अशी बोंब झाली. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो चढ म्हणजे मेंदूतला चालू असलेला खळबळाटच असू शकतो, जो साचत साचत उंबरठा ओलांडतो. तो आधीच घेतलेला निर्णय असेलच असं नाही. माझी तक्रार साधी आहे. बिनकारण मनगट हलवणं हा निर्णयाचा नमुना म्हणून निवडलाच कशाला? ट्रॉलर विकावा की कर्ज काढून इंजिन बदलावं, याचा विचार माणूस दोन पावसाळे करतो.

मला खरी टोचते ती दुसरीच हरकत, डर्क पेरेबूम या तत्त्वज्ञाची. तिला मी कलमाची हरकत म्हणतो. समजा कुणीतरी माझ्या मनावर हापूसचं कलम बांधावं तशा इच्छा बांधल्या. आवडी, राग, विचार करायची पद्धत, वरच्या इच्छा, खालच्या इच्छा, सगळं त्याने ठरवलं, आणि मग मी अगदी "माझ्या मर्जीने" त्याला हवा तसा गुन्हा केला. मी फ्रँकफर्टच्या कसोटीला उतरतो. कुणी समजावलं तर ऐकण्याची ताकदही आहे. तरी आपण म्हणू, बिचाऱ्याला बनवलं गेलं. मग पेरेबूम विचारतो: कलम बांधणारा माणूस काढा, त्याजागी जनुकं, घर, गाव, गरिबी ठेवा. फरक काय पडला? दोन्हीकडे मी मला घडवलेलं नाही. यावर उत्तरं आहेत, ती मी वाचली आहेत, आणि एकही उत्तर वाचून मला गाढ झोप लागलेली नाही. तुरुंगात कोण असतात आणि ते कुठल्या वस्तीतून आलेले असतात हे बघितलं की ही हरकत पुस्तकातली राहत नाही.

कायद्यातलं कलम मात्र या बाबतीत बरंच शहाणं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं ८४ वं कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २२ वं झालं, ते विचारत नाही की कृत्याला आधीची कारणं होती का. असतातच. ते विचारतं, मनाच्या विकारामुळे या माणसाला आपण काय करतोय हे, किंवा ते चूक आहे हे, कळूच शकत नव्हतं का? म्हणजे कोष्टक वाचायची ताकद होती की नव्हती.

जैन आगमांत एक गोष्ट आहे. सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार आजीवक पंथाचा होता. हा पंथ मक्खली गोशाल याचा, पक्का नियतिवादी. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत असेल तेवढा उलगडत जातो, तसं आयुष्य, असं त्यांचं म्हणणं. महावीरांनी कुंभाराला विचारलं, ही मडकी कष्टाने होतात की आपोआप? तो म्हणाला, कष्ट वगैरे काही नाही, सगळं नियत आहे. मग कुणी तुझी मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर? कुंभार म्हणाला, त्याला झोडपून काढीन. महावीर म्हणाले, पण कुणी काही करतच नाही ना? कुंभार निरुत्तर झाला.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये पी. एफ. स्ट्रॉसन याने जवळपास हाच धागा धरला. राग, कृतज्ञता, माफी, रुसवा ही माणसाने माणसाशी वागायची हत्यारं आहेत. एखादा सिद्धांत सिद्ध झाला म्हणून ती खाली ठेवता येत नाहीत, आणि ठेवायची गरजही नाही, कारण ती मुळात त्या सिद्धांतावर उभीच नव्हती. आबा ओहोटीवर चिडले नाहीत. चिखलावर नाहीत, होडीवरही नाहीत. होडीला त्यांनी एक लाथ मारली, पण ती वेगळी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तर हा सगळा वाद पाच श्लोकांत आहे. एकोणसाठाव्यात कृष्ण म्हणतो, तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावेल. एकसष्टाव्यात सगळी भूतं यंत्रावर बसवल्यासारखी फिरवली जातात. इथपर्यंत केल्विनचं यंत्र. आणि त्रेसष्टाव्यात तोच कृष्ण म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." सगळ्याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. कुणी म्हणेल, हा विरोध आहे. मला त्यातला "विमृश्य" शब्द महत्त्वाचा वाटतो. यंत्रावर बसलेल्याला विचार कर असं सांगण्यात अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा त्याचा विचार हाही यंत्राचा चालता भाग असतो.

सातच्या सुमाराला तळाखाली पाणी बोलायला लागलं. माडांच्या आडून चंद्र वर येत होता, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तोच. होडी एका बाजूने उचलली गेली, आबांनी वल्हं चिखलात रोवून ढकललं. काठाला लागताना ते भाच्याला म्हणाले, "निकाल लागलो काय तुझी आवस ओरडतली. बग."

हे भाकीत मी त्याच रात्री फोनवर बहिणीला सांगून टाकलं, गंमत म्हणून. निकाल लागला तेव्हा टक्के तिला हवे होते तेवढे नव्हतेच. भाचा तोंड पाडून उभा होता. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि थांबली. म्हणाली, "आबांनी सांगितलंय ना मी ओरडणार म्हणून? मग नाहीच ओरडत. जेवायला बस."

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आबांना हे सांगितलं. ते जाळं मांडीवर घेऊन भोकं सांधत होते. सुई हातातच थांबली.

"ह्यां माका म्हायत नाय होतां," म्हणाले.